ट्रॅकच्या चित्रातली रंगपट्टी कुठे हरवते?

तासगाव-पलूसकडच्या बागेतून केवडा हा रोग पडलेलं द्राक्षाचं पान आणायचं, थेंबभर पाण्यात सुटलेल्या चलबीजाणूंचा, म्हणजे पोहणाऱ्या बीजाणूंचा, सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसवर मोबाइल धरून व्हिडिओ घ्यायचा, तो फिजी या प्रतिमा तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून प्रत्येक बीजाणूचा मार्ग, म्हणजे ट्रॅक, काढणारं ट्रॅकमेट चालवायचं. सांगली, कराड किंवा साताऱ्यातल्या साध्या प्रयोगशाळेतही एवढ्यावर प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहतं. ट्रॅक वेगानुसार रंगवलेले असतात, निळ्यापासून लालपर्यंत, दिसायला झकास. मग व्हायव्हाला प्रश्न येतो, लाल म्हणजे किती? चित्रात त्याचं उत्तर नसतं, कारण कोणता रंग म्हणजे किती हे सांगणारी रंगपट्टी वाटेत कुठेतरी गळून पडलेली असते. हा प्रकार इतका सार्वत्रिक आहे की दोष एकट्या विद्यार्थ्याचा मानता येत नाही.

रंगाशेजारी आकडा हवा, हे सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्यांना फार पूर्वी कळलं होतं. 1985 मध्ये पेशीतलं कॅल्शियम मोजणारा फ्युरा-2 हा रंजक, म्हणजे डाय, आला. 340 आणि 380 नॅनोमीटरच्या प्रकाशात घेतलेल्या दोन प्रतिमांचं गुणोत्तर काढायचं आणि ते खोट्या रंगांत दाखवायचं, अशी ती रीत. रंग खोटे आहेत हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे शेजारी कॅल्शियमच्या प्रमाणाची, नॅनोमोलरची, पट्टी छापणं ओघानंच आलं.

पुढे हे काम सॉफ्टवेअरकडे गेलं. 1987 मध्ये मॅकिंटॉशसाठी सुरू झालेल्या एका मोफत प्रोग्रॅमचा जावातला वारस म्हणून 1997 मध्ये इमेजजे आलं; फिजी ही त्याचीच प्लगिन्ससकट येणारी आवृत्ती. त्यातल्या अॅनालाइझ मेनूत, टूल्सखाली, कॅलिब्रेशन बार, म्हणजे रंगपट्टी काढून देणारी सोय, आहे. तो पिक्सेलमागे एकच आकडा असलेल्या 8, 16 आणि 32 बिटच्या प्रतिमांवर चालतो, लाल-हिरवा-निळा असे रंगच साठवणाऱ्या आरजीबीवर चालत नाही. यात काही खोडसाळपणा नाही. पट्टी रंगांकडे बघून बनत नाही, पिक्सेलमधल्या आकड्यांवरून आणि त्यांना रंग देणाऱ्या 256 घरांच्या तक्त्यावरून बनते. प्रतिमा आरजीबी केली की तो तक्ता गेला, उरला नुसता रंग.

ट्रॅकमेटची अडचण इथेच सुरू होते. ट्रॅकच्या रेषा प्रतिमेच्या पिक्सेलमध्ये नसतात, वरून काढलेल्या असतात. त्यांचे रंग ट्रॅकमेटच्या सेटिंगमधून येतात आणि खालच्या व्हिडिओचा तक्ता वेगळाच, बहुधा करडा, असतो. अशा वेळी कॅलिब्रेशन बार चालवला तर पट्टी मिळते, पण ती पिक्सेलच्या उजेडाची, 0 ते 255. कुणी हुशारी करून खालच्या प्रतिमेला इंद्रधनुषी तक्ता लावतो, त्याची पट्टी कापून ट्रॅकशेजारी चिकटवतो, आणि 255 हा वेग होऊन बसतो. पट्टी नसण्यापेक्षा हे वाईट. आणि ओव्हरले कॅप्चर करून, म्हणजे वरच्या रेषांसकट प्रतिमा टिपून, घेतलेलं चित्र तर आरजीबीच असतं, तिथे बार चालण्याचा प्रश्नच मिटतो.

खरा वाद मात्र पट्टीच्या दोन टोकांचा आहे. लघुत्तम आणि महत्तम किती ठेवायचे? ट्रॅकमेटमध्ये दोन्ही हातानं भरता येतात, शेजारी ऑटोचं बटणही आहे. ऑटो म्हणजे समोरच्या माहितीतला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा. बहुतेक जण ऑटोच दाबतात आणि त्याचं समर्थनही करतात: त्यात माणसाचा हात नाही, म्हणून ते तटस्थ.

हे समर्थन मला पटत नाही. समजा फवारलेल्या पानाचा एक व्हिडिओ आहे आणि न फवारलेल्याचा एक. पहिल्यात सर्वांत वेगवान बीजाणू सेकंदाला 40 मायक्रॉन जातो, दुसऱ्यात 120. दोन्हीकडे ऑटो, म्हणून दोन्हीकडे लाल. औषधाचा परिणाम आकड्यांत आहे, चित्रात नाही. सांगलीत आयर्विन पुलाचं पाणी कुणी रंगावरून विचारत नाही, फूट विचारतात. 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका, हे दर पावसाळ्यात तेच असतं. पुलावरची पट्टी रोजच्या पाण्यानुसार नव्यानं आखली असती तर तिचा उपयोग काय झाला असता?

ऑटोचा दुसरा घोळ उलट दिशेचा आहे. एका फ्रेममधला बीजाणू पुढच्या फ्रेममधल्याशी जोडताना चूक होऊन दोन वेगळ्या बीजाणूंचा एकच ट्रॅक झाला की त्या एका उडीचा वेग अचाट निघतो. महत्तम तिथे जाऊन बसतो आणि उरलेले सगळे ट्रॅक निळे पडतात. तेव्हा हात घालावाच लागतो. मग मर्यादा हातानं लावणाऱ्यावर आकडे दाबल्याचा आरोप होतो, तोही अगदीच निराधार नसतो. 60 वर महत्तम बांधला तर 60 आणि 110 एकाच लाल रंगात जातात. त्यावर उपाय साधा आहे: वरच्या टोकाला नुसतं 60 न लिहिता ‘60 किंवा जास्त’ लिहायचं, आणि तुलनेच्या सगळ्या चित्रांना एकच पट्टी लावायची. एवढं केलं तर हातानं लावलेली मर्यादा ऑटोपेक्षा प्रामाणिक ठरते, असं माझं मत.

एकक हा त्याला जोडूनच येणारा मुद्दा. मोबाइलच्या व्हिडिओत मायक्रॉन नसतात. स्टेज मायक्रोमीटरवरून, म्हणजे मापाच्या रेघा असलेल्या काचपट्टीवरून, पिक्सेलचं माप आणि दोन फ्रेममधला वेळ प्रतिमेच्या प्रॉपर्टीजमध्ये भरला नाही, तर वेग पिक्सेल प्रति फ्रेममध्ये येतो आणि पट्टीही त्याचीच होते.

रंगसंगतीचा गाजावाजा अलीकडचा. गणनेच्या मॅटलॅब सॉफ्टवेअरनं 2014 मध्ये जेट हा निळ्यापासून लालपर्यंतचा रंगतक्ता सोडून पारुला घेतला, पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबनं 2017 मध्ये विरिडिस, आणि 2019 मध्ये जेटचीच सुधारलेली आवृत्ती म्हणून टर्बो आला. जेटवरचा आक्षेप रास्त होता: त्यातला पिवळा मधेच उजळतो आणि नसलेली सीमा दिसते. शिवाय जेटचं चित्र झेरॉक्स केलं की दोन्ही टोकं सारखीच काळपट येतात, आणि प्रबंधाच्या सगळ्या प्रती रंगीत काढणं कुणाला परवडतं? तरीही विरिडिस लावून पट्टी विसरलेली चित्रं पाहिली की वाटतं, चर्चेचा निम्मा वेळ आकड्यांना मिळायला हवा होता.

आज दोन वाटा चालतात. पहिली इमेजजेतलीच: 32 बिटची रॅम्प, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आकडा चढत जाणारी, प्रतिमा बनवायची, ती 0 ते 1 अशी येते, तिला गुणून आणि मिळवून ट्रॅकमेटच्या लघुत्तम-महत्तमावर आणायची, तोच तक्ता लावायचा आणि तिच्यावर कॅलिब्रेशन बार चालवायचा. दशांश स्थळं शून्य ठेवली आणि पल्ला लहान असला तर लेबलांवर तेच आकडे पुन्हा पुन्हा येतात, ते तेवढं बघायचं. ट्रॅकमेटमधला तक्ता इमेजजेच्या यादीत त्याच नावाचा नसेल तर मिळताजुळता चालत नाही, तोच लागतो.

दुसरी वाट ट्रॅकच्या आकड्यांची सीएसव्ही फाइल काढून पायथनमध्ये आलेख काढायची. तिथे मुलं प्रत्येक रेषेचा रंग आधी काढून घेतात आणि मग कलरबार मागतात, तेव्हा मॅटप्लॉटलिब मॅपेबल, म्हणजे रंगांमागचे आकडे धरणारी वस्तू, कुठे आहे असं विचारून अडतं. त्याला रंग नको असतात, वेगाचे आकडे आणि दोन टोकं हवी असतात. रेषा एकत्र लाइन कलेक्शनमध्ये घालून वेग सेट अॅरे या आज्ञेनं दिले आणि टोकं सेट क्लिमनं बांधली, की पट्टी एका ओळीत येते, आणि दुसऱ्या व्हिडिओलाही तीच टोकं देता येतात.