शाश्वत इमारत (इंदूरच्या संदर्भात)

शाश्वत इमारत : बांधताना, वापरताना आणि शेवटी पाडताना जमीन, पाणी, हवा व इंधन यांवर कमीत कमी भार टाकणारी, आणि तरीही आत राहणाऱ्यांना सुखाने राहू देणारी इमारत. बोलण्यात तिला ‘ग्रीन बिल्डिंग’, ‘हरित इमारत’ किंवा ‘पर्यावरणस्नेही घर’ असेही म्हणतात. व्याख्या सगळीकडे हीच असली, तरी तिचा अर्थ गावागणिक बदलतो. मुंबईत घर बांधणाऱ्याला दमट हवेशी झुंजावे लागते, लेहमध्ये थंडीशी. इंदूरमध्ये हिशेब पाण्यापासून मांडावा लागतो, कारण या शहरात नळाचे पाणी म्हणजे एका अर्थी वीजच असते.

पाणी. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसले आहे. शहराला पिण्याचे पाणी मुख्यतः नर्मदेचे मिळते. खरगोन जिल्ह्यातील जलूद येथे ते उचलतात आणि सुमारे ७० किलोमीटर लांब नळांतून, विंध्याचा चढ चढवून शहरात आणतात. नदीचे पात्र आणि शहर यांच्या उंचीत ४०० मीटरांच्या आसपास फरक आहे. १००० लिटर पाणी ४०० मीटर वर न्यायचे, तर पंपात काहीच तूट नाही असे धरले तरी १.१ युनिट वीज लागते. पंपाची तूट, नळांतील घर्षण आणि वाटेतला घाट जमेस धरला, की हा आकडा दीड ते दोन युनिटांकडे सरकतो. शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत दरडोई रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने चौघांच्या कुटुंबाला महिन्याला सुमारे १६,००० लिटर पाणी लागते. म्हणजे त्या घरासाठी महिन्याला २४ ते ३२ युनिटे वीज नर्मदाकाठी खर्ची पडते आणि घरच्या वीजबिलात ती कधीच दिसत नाही. एलईडी दिवे लावून वाचवलेली वीज एखादा गळका फ्लश गुपचूप परत घालवत असतो, तो असा.

महापालिकेला हे बिल चांगलेच माहीत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) विक्रीला काढले, ते जलूद परिसरात ६० मेगावॉटचा सौरप्रकल्प उभारून पाणी उपसण्याचा खर्च कमी करण्यासाठी. एका शहराने पंपांच्या विजेसाठी जनतेकडून कर्ज घ्यावे, यावरूनच या शहरातील इमारतीने आधी काय वाचवावे ते कळते.

इंदूरला वर्षाकाठी सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर पडणाऱ्या पावसातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी सुमारे ७०,००० लिटर पाणी हाती येते. वरच्या चौघांच्या कुटुंबाचा हा चार महिन्यांहून जास्त काळाचा वापर झाला. अडचण साठवणीची आहे. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि एवढी टाकी कोणी बांधत नाही, म्हणून पाणी जमिनीत मुरवायचे ठरते. इथे माळव्याची काळी माती आडवी येते. ती ओली झाली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी खाली जाऊ देत नाही. त्यामुळे चार-पाच फुटांचा खड्डा खणून त्यात खडी-रेती भरली की ‘रेन वॉटर हार्वेस्टिंग’ झाले, हा समज इथे चालत नाही. मातीचा थर ओलांडून खालच्या मुरमापर्यंत किंवा भेगाळलेल्या काळ्या पाषाणापर्यंत गेलेला खड्डाच कामाचा; नाहीतर गाळणी लावून गच्चीचे पाणी बंद पडलेल्या बोअरिंगमध्ये सोडावे. सुदामानगराकडच्या एका सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात असाच एक खड्डा पाहिला. वर लोखंडी जाळी, जाळीवर पारिजातकाची कुजलेली पाने, दुधाची एक पिशवी, आणि श्रावणातल्या सरीचे पाणी जाळीवरून वाहत थेट गटारात. नकाशावर तो खड्डा अर्थातच हजर होता.

काळी माती पायालाही त्रास देते. पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून ती भिंतींना तडे पाडते. म्हणून पाया तिच्या खालच्या कठीण थरापर्यंत नेतात किंवा तळाशी रुंद केलेल्या खांबांवर घर पेलतात. पंधरा वर्षांत तडे जाऊन पाडावी लागणारी इमारत, तिच्यावर कितीही सौरपट्ट्या असोत, शाश्वत नव्हे.

उष्णता. इमारतींच्या नियमांत इंदूर ‘संमिश्र’ हवामानात मोडते. उन्हाळा कोरडा, पावसाळा दमट, हिवाळा बरा. मे महिन्यात दिवसा ४० अंशांपर्यंत पारा चढतो, पण पठारामुळे रात्री तो बराच उतरतो. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, ‘शब-ए-मालवा’, हे कौतुक जुनेच आहे. या कौतुकाचा बांधकामाला थेट उपयोग असतो. दिवसा घर बंद ठेवायचे आणि रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडून भिंती-फरशीत साठलेली उष्णता बाहेर काढायची. दोन बाजूंना खिडक्या नसलेल्या फ्लॅटमध्ये हे जमत नाही, म्हणून वारा आरपार जाईल अशी मांडणी पहिल्या नकाशातच हवी. मागाहून ती पैसे टाकूनही मिळत नाही.

सूर्याचा मार्गही पाहावा लागतो. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडेसे दक्षिणेला आहे. त्यामुळे जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सर्वांत जास्त तापतो तो स्लॅब. दक्षिणेची खिडकी साध्या छज्जाने सावलीत येते, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा तेच ऊन हवेहवेसे वाटते. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे, छज्जाखालून घुसणारे. विटांच्या नऊ इंची भिंतीतून उष्णता आत यायला साधारण सहा-सात तास लागतात. म्हणजे चार वाजता तापलेली भिंत बरोबर झोपायच्या वेळी आत ऊब सोडू लागते. रात्री दहाला त्या भिंतीला तळहात लावून पाहावा. ‘पलंग इकडे ओढ गं, भिंत तापलीय’ हे वाक्य इंदूरच्या मराठी घरांत दर एप्रिलमध्ये ऐकू येते. उपाय साधे आहेत. पश्चिमेला जिना, न्हाणीघर किंवा कोठीची खोली ठेवावी. नाहीतर बाहेरून झाड, जाळी वा पोकळी असलेली दुहेरी भिंत करावी. गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा थर किंवा निदान चुन्याची सफेदी द्यावी. रस्त्याकडचा आख्खा दर्शनी भाग काचेचा करून मग चार-चार एसी लावणाऱ्या इमारती शहरात वाढल्या आहेत. त्यांना या हवामानात हरितपणाचे कसलेही मानांकन (गुण देऊन दिलेले प्रमाणपत्र) मिळो, ती काच चुकीची आहे असे या नोंदीचे मत आहे.

कूलर की एसी, हा प्रश्न इंदूरमध्ये वादाचा असतो, कारण कूलर पाणी पितो. घरगुती कूलरला साधारण दोनशे वॉट लागतात, तर दीड टनाच्या एसीला दीड हजारांच्या आसपास. कूलरने दिवसात ६० लिटर पाणी उडवले, तरी ते नर्मदेतून आणण्याचा खर्च ०.१२ युनिटाहून जास्त होत नाही. एसीला तेवढी वीज पाच मिनिटांची. कोरड्या एप्रिल-मेमध्ये म्हणूनच कूलर निर्विवाद सरस ठरतो. जुलैत हवा दमट झाली की तो निरुपयोगी, आणि तेव्हा पंखाच खरा.

जुने वाडे व अरण्य वसाहत. होळकरांच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. वर जाताना वजन कमी होत जाते. आतल्या चौकातून गरम हवा वर निघून जाते. शहरातील जुन्या मराठी वाड्यांतही ओटा, पडवी, चौक आणि जाड भिंती हीच रचना छोट्या मापात दिसते. मात्र या वाड्यांचे सरसकट गोडवे गाऊ नयेत. लाकूड जळते, आणि राजवाडा १९८४ मध्ये मोठ्या प्रमाणावर जळाला. शिवाय माजघरांत दिवसाही अंधार असे.

जुन्या शहाणपणाचे नवे रूप पाहायचे, तर अरण्य वसाहतीत जावे. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात अल्प उत्पन्न कुटुंबांसाठी ती आखली. सुमारे ६,५०० घरांच्या या वसाहतीत गरिबांना तयार घर दिले नाही. जोते, संडास-न्हाणी, पाणी-गटाराची जोडणी आणि फार तर एक खोली एवढेच दिले. पुढचे बांधकाम ज्याचे त्याने, जमेल तसे करायचे. घरे भिंतीला भिंत लावून असल्याने उन्हात येणाऱ्या भिंती कमी झाल्या, आणि अरुंद गल्ल्या एकमेकींवर सावली धरतात. १९९५ मध्ये वसाहतीला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. शाश्वततेच्या चर्चेत तिचे नाव फारसे येत नाही, हे नवलच. गरज वाढेल तसे वाढणारे घर पाडावे लागत नाही, आणि न पाडणे हीच बांधकामातली सर्वांत मोठी बचत असते.

साहित्य. सिमेंट तयार करताना चुनखडी तापवून तिच्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, वर भट्टीच्या इंधनाचा वेगळा; जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के मानला जातो. औष्णिक केंद्रांची राख मिसळलेले सिमेंट आणि राखेच्या विटा वापरल्याने हा भार घटतो. जवळचा दगड, जुन्या घराचे सागवान, पाडकामातून निघालेल्या विटा यांनीही तो घटतो. पण उभी असलेली मजबूत इमारत दुरुस्त करून वापरणे याला तोड नाही. त्याच जागेवर नवी ‘हरित’ इमारत बांधायला पाडलेल्या वाड्याचा मलबा कोणत्याही मानांकनात पुरेसा मोजला जात नाही.

मानांकने. देशात ‘गृह’ (GRIHA) ही मानांकन पद्धत आणि भारतीय हरित इमारत परिषदेची मानांकने प्रचलित आहेत. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. घरांसाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता आली. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर ती बहुतेक हवामानांत चौरस मीटरमागे १५ वॉटांची मर्यादा घालत होती. बहुतेक गुण आराखड्याला मिळतात. लोक राहायला आल्यावर मीटर काय सांगतो, हे तपासायला क्वचितच कोणी परत येते.

कचरा. इथे इंदूरकडे सांगण्यासारखे बरेच आहे. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९२० च्या दशकात इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ढीग ठरावीक दिवसांनी उलटवून, तीनेक महिन्यांत खत करण्याची रीत बसवली आणि १९३१ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. जगभर तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. आज शहरात घरोघरी कचरा वेगळा करूनच गाडीत जातो, आणि ओल्या कचऱ्यासाठी २०२२ मध्ये रोज ५५० टन क्षमतेचा जैव-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. तरीही इमारतीच्या आवारात दोन कप्प्यांचा हौद असला, तर गाडीचा फेरा आणि डिझेल दोन्ही वाचते. एका कप्प्यात ताजे टाकायचे, दुसऱ्यात मुरू द्यायचे. भाजीची देठे, चहाचा चोथा, गणपतीतले निर्माल्य असे सगळे त्यात जाते. दर आठवड्याला ढीग उलटवायला माणूस लागतो, आणि नारळाची शेंडी तेवढी आधी वेगळी काढावी लागते; ती महिनोन्‌महिने तशीच राहते.