चिकित्सक श्रवण

चिकित्सक श्रवण म्हणजे भाषण ऐकताना वक्त्याचा दावा, त्यामागचे कारण आणि त्याने भावनेला घातलेला हात ही तिन्ही वेगवेगळी ओळखून मग आपले मत ठरवणे. वक्तृत्वावरच्या पुस्तकांत बोलणाऱ्यासाठी पानेच्या पाने खर्ची पडतात. ऐकणाऱ्याची बोळवण एखाद्या परिच्छेदात होते. भाषणाचा निकाल मात्र ऐकणाराच लावतो.

मन वळवण्याची तीन साधने अ‍ॅरिस्टॉटलने सांगितली : वक्त्याविषयीचा विश्वास, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद. भारतीय तर्कशास्त्राच्या न्यायदर्शन या परंपरेने युक्तिवादाचे प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते उदाहरण समोरच्या गोष्टीला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष) असे पाच अवयव मानले व सदोष हेतूंना हेत्वाभास म्हटले. श्रोत्याला याहून उपयोगी पडते ती त्याच परंपरेच्या न्यायसूत्रांतली चर्चेची वर्गवारी. खरे काय ते कळावे म्हणून चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प आणि स्वतःचे काहीच न मांडता समोरच्याचे खोडत राहणे ही वितंडा. व्यासपीठावर यांतले काय चालले आहे हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखता आले, तर पुढचे ऐकणे सोपे जाते.

गोव्यातल्या मराठी श्रोत्याचा कान तयार केला तो देवळातल्या कीर्तनाने. पूर्वरंगात मूळपद (आधाराला घेतलेला अभंग किंवा पद) घेऊन निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, हा क्रम मन वळवण्याच्या दृष्टीने पक्का आहे : आधी सिद्धांत पटवायचा, मग गोष्टीतून तो मनात मुरवायचा. पण कीर्तनात मध्येच उठून बुवांना ‘हे कशावरून?’ असे कोणी विचारत नाही, विचारूही नये. ही सवय सभामंडपाबाहेर राजकीय सभेतही सोबत येते, तेव्हा अडचण होते.

पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या दशकांत प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, सभेला परवानगी लागे. १८ जून १९४६ रोजी मडगावात राम मनोहर लोहिया यांनी बंदी मोडून सभा घेतली आणि त्यांना लगेच अटक झाली. त्या दिवशी लोकांना युक्तिवाद फारसा ऐकायला मिळाला नाही. पटला तो बोलणाऱ्याचा निर्धार. दोन्ही बाजू उघडपणे ऐकून घेण्याची मुभा गोव्याला १९ डिसेंबर १९६१ नंतरच मिळाली, आणि जेमतेम पाच वर्षांत सर्वांत अवघड परीक्षा समोर आली.

१६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल हा या विषयाचा गोव्यातला सर्वांत चांगला धडा आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश राहायचे, एवढाच प्रश्न होता. मतपत्रिकेवर फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळे अस्तित्व. दयानंद ऊर्फ भाऊ बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक (म. गो.) पक्ष एका बाजूला, डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स दुसऱ्या बाजूला. ‘आमची पूजा, भजन, नाटक, शाळा सारे मराठीत, म्हणून आमचे राज्यही महाराष्ट्र’ हा विलीनीकरणवाद्यांचा मुख्य युक्तिवाद. यातला हेतू, म्हणजे दिलेले कारण, खरे होते. पण ‘एक भाषा वापरणाऱ्यांचा कारभार एकाच राजधानीतून चालावा’ हे मधले विधान गृहीतच धरलेले होते, आणि चिकित्सक श्रोत्याने बोट ठेवायचे ते नेमके तिथे. ‘विलीन झालात तर नोकऱ्या जातील, ओळख पुसली जाईल’ या उलट बाजूच्या सांगण्यात भीतीचा वाटा मोठा होता. भीती दाखवली म्हणून म्हणणे खोटे ठरत नाही; ती किती खरी, हे वेगळे तपासावे लागते. निकालात केंद्रशासित प्रदेशाला १,७२,१९१ आणि विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा.

त्यानंतर मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. म. गो. पक्षाने ३० पैकी १६ जागा जिंकल्या आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. यावरून ‘गोवेकराने भाऊंचा मुद्दा नाकारला, भाऊंना नाही; माणूस आणि मत वेगळे करून ऐकले’ असे कौतुकाने सांगितले जाते. ऐकायला हे फारच गोड वाटते. पण आकडे वेगळे बोलतात. कौलात विलीनीकरणाला सुमारे ४४ टक्के मते होती आणि मार्चमध्ये म. गो. पक्षाला सुमारे ४० टक्के. म्हणजे विलीनीकरण नाकारणाऱ्यांपैकी एकानेही त्या पक्षाला मत दिले नसते, तरी एवढी मते जमण्यासारखी होती. अनेक उमेदवारांत मते विभागली की चाळीस टक्क्यांतही बहुमत निघते. काही मतदारांनी खरोखर तसा विवेक केलाही असेल. निकालावरून मात्र तो सिद्ध होत नाही.

आज ही कसोटी लागते ती रविवारच्या ग्रामसभेत. बोलणे कोंकणीत, मराठी वाक्ये मध्येच पेरलेली, समोरचा प्रकल्प अहवाल इंग्रजीत. ‘गावाला विकास हवा की नको?’ असा सवाल टाकला की सभा दुभंगते. खरे तर जागेला पंचायतीने ना-हरकत दाखला द्यावा का, विहिरींचे पाणी पुरेल का, सांडपाणी कुठे जाईल, एवढेच विचारायचे असते. हो-नाहीच्या दोन दारांत श्रोत्याला कोंडण्याचा हा डाव विरोधकही खेळतात : ‘गावचा असशील तर विरोध कर.’ अनुभवी ग्रामस्थ अशा वेळी एकच करतो. समोरच्याचे म्हणणे आधी स्वतःच्या शब्दांत सांगतो, ‘हेच ना तुमचे म्हणणे?’ असे विचारतो, मग उत्तर देतो आणि आपला मुद्दा इतिवृत्तात नोंदवायला लावतो. पूर्वपक्ष मांडून उत्तरपक्षाकडे जाण्याची ही जुनीच शिस्त.

शाळा-महाविद्यालयांच्या वक्तृत्व स्पर्धांतून या शिस्तीला फारसा वाव मिळत नाही, कारण पाठ केलेल्या भाषणात कोणाचे ऐकावेच लागत नाही. वादविवाद स्पर्धेत खंडनाची फेरी असली, तरच आधीचा वक्ता काय बोलला हे लक्षात ठेवावे लागते.