टी ट्री तेलाने मुलांची खरूज हमखास जाते?

'ऑस्ट्रेलियातले आदिवासी मुलांच्या खरजेवर टी ट्री तेल लावतात; झाडपाल्याचं, त्यामुळे अपाय शून्य आणि गुण हमखास', असं सांगणारा संदेश फिरत असतो.

त्यात थोडं तथ्य आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तरेकडचे बंजालुंग आदिवासी टी ट्री या तिथल्या झाडाचा (चहाच्या झुडपाचा नव्हे) पाला औषधाला वापरत आले. पण बाटलीतलं तेल म्हणजे तो पाला नव्हे. ते वाफेने काढलेला, कितीतरी तीव्र अर्क. प्रयोगशाळेत ५ टक्के तेलाने खरजेचे किडे मेले, हेही खरं. मात्र तिथे किडा उघड्यावर असतो. अंगावर मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. शिवाय तिथल्या आदिवासींच्या दूरच्या वस्त्यांत घरं गजबजलेली. एकाला औषध दिलं तरी भावंडांकडून लागण परत होते. म्हणून सहसा पर्मेथ्रिन हे किडे मारणारं मलम घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी लावतात, आठवड्याने पुन्हा.

'अपाय शून्य' पडताळायचं तर बाटलीवरचा इशारा वाचा: हे तेल पोटात गेल्यास विषारी आहे. काहींच्या कातडीवर पुरळही येतं.

गुण खाजेवरून ठरवू नका. किडे मेल्यावरही ती काही आठवडे राहते. बोटांच्या बेचक्यांत नवे फोड दिसले तर डॉक्टरांना दाखवा. चिघळलेल्या खरजेतल्या जंतूंमुळे मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते.