स्कॅनमध्ये दिसतं ते सूज नाही, टीएसपीओ

मेंदूचे लाल-पिवळे झगमगते फोटो हल्ली सगळीकडे फिरत असतात, खाली लिहिलेलं असतं "बघा मेंदूला केवढी सूज आलीये!" तर मुळात तो फोटो नाही, ते रंग कॉम्प्युटरने भरलेले असतात आणि अशा पेट (PET) स्कॅनला, म्हणजे शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी रेणूचा माग काढणाऱ्या स्कॅनला, सूज दिसत नाही, दिसतं ते टीएसपीओ नावाचं एक प्रोटीन.

हे बसलेलं असतं पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यात. १९७७ मध्ये सापडलं ते भलत्याच ठिकाणी, डायझेपाम हे औषध मेंदूत चिकटतं हे कळलं होतं, पण ते उंदराच्या किडनीतही चिकटताना दिसलं, आणि तिथे ते ज्याला चिकटत होतं तेच हे टीएसपीओ! निरोगी मेंदूत टीएसपीओ कमी असतं. इजा किंवा आजार झाला की मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या राखणदार पेशी, तिथे गोळा होतात आणि टीएसपीओ वाढतं. मग त्याला चिकटणारा रेणू घ्यायचा, त्यात किरणोत्सारी कार्बन-११ बसवायचा आणि शिरेतून सोडायचा, अशा रेणूला ट्रेसर म्हणतात. हा कार्बन दर २० मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळे सगळी घाईच. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघंही संपतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात, ते पकडून जागा काढतात.

इथपर्यंत ठीक. खरी मजा पुढे आहे.

पीके१११९५ हा जुना ट्रेसर जरा धूसर चित्र द्यायचा, म्हणून पीबीआर२८ सारखे जोरात चिकटणारे नवे ट्रेसर आले. आणि काही धडधाकट लोकांमध्ये ते चिकटेचनात! कारण निघालं जीनमध्ये. टीएसपीओ १६९ अमिनो ॲसिडची साखळी आहे, त्यात १४७ व्या जागी काहींना ॲलनीनऐवजी थ्रिओनिन असतं, डीएनएतलं फक्त एक अक्षर बदललेलं. आईकडून एक कॉपी, वडिलांकडून एक, म्हणजे माणसं तीन प्रकारची: दोन्ही कॉप्या नेहमीच्या तर ट्रेसर घट्ट चिकटतो, एकच बदललेली तर मधलं काहीतरी, दोन्ही बदललेल्या तर जेमतेम. प्रोटीन तेवढंच असलं तरी एकाचा मेंदू उजळतो, दुसऱ्याचा अंधारा. जुन्या ट्रेसरला हा फरक फारसा जाणवतच नव्हता, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नाही. आता असा ट्रेसर वापरायचा तर आधी जीन टेस्ट करतात.

त्यात अजून एक घोळ. उंदरांच्या मायक्रोग्लिया चवताळल्या की प्रत्येक पेशीत टीएसपीओ वाढतं, माणसाच्या पेशींत तसं होताना दिसत नाही. म्हणजे आपल्याकडे सिग्नल वाढला तर पेशी चवताळल्यात असं नाही, नुसती त्यांची गर्दी वाढलेली असू शकते. शिवाय ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या दुसऱ्या मदतनीस पेशींत आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही टीएसपीओ असतंच. त्यामुळे असले स्कॅन दाखवून "मेंदूची सूज उतरवणाऱ्या" गोळ्या विकणारे दिसले तर सरळ पुढे स्क्रोल करा.

म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस, अल्झायमर वगैरेंच्या संशोधनात हा स्कॅन मुख्यतः रुग्णांचा गट आणि निरोगी गट ताडून बघायला वापरतात, एकट्यादुकट्याचं निदान करायला नाही. आणि आता पी२एक्स७, सीएसएफ१आर अशा दुसऱ्या प्रोटीन्सना चिकटणारे ट्रेसर बनवायची खटपट चालू आहे, त्यातलं सीएसएफ१आर मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियावरच असतं म्हणून त्याच्यावर जास्त नजर.