बेळगाव सीमाभागात सोसायटीचं पीककर्ज आणि वराहपालनाचं कर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वाट

खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी या पट्ट्यात ‘सोसायटी’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती गावची पीकेपीएस, म्हणजे प्राथमिक कृषी पत्तीन सहकारी संघ. तिच्यामागे बेळगावची बीडीसीसी, म्हणजे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, आणि त्यामागे बेंगळुरूची अपेक्स, म्हणजे राज्य सहकारी बँक. देशातली पहिली कृषी पतसंस्था १९०५ साली आपल्याच शेजारी, गदगजवळच्या कणगिनहाळात सिद्धनगौडा पाटील यांनी उभी केली. तेव्हापासून काम तेच आहे: सभासदाला पेरणीच्या वेळी स्वस्तात पैसा, खत, बियाणं मिळवून देणं. वाढले आहेत ते कागद.

अलीकडे आणखी एक विचारणा वाढली आहे. भात, मका, रताळी, ऊस यांच्या जोडीला डुकरं पाळायची तर सोसायटी मदत करते का? करू शकते, पण पीककर्जाच्या खात्यातून नाही. दोन्हींची वाट वेगळी आहे. सुरुवातीचे कागद मात्र तेच लागतात, म्हणून आधी ते बघू.

पहाणी नीट वाचा

सगळ्याची सुरुवात पहाणीपासून, म्हणजे आरटीसी उताऱ्यापासून. नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात), ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रात किंवा ‘भूमी’ या राज्याच्या जमीन नोंदीच्या संकेतस्थळावरून ती निघते. हातात आली की घडी घालून खिशात टाकू नका. कॉलम ९ बघा, तिथं मालकाचं नाव असतं. कॉलम ११ मध्ये बोजा असतो. कॉलम १२ मध्ये कसणारा आणि पीक.

निम्मी प्रकरणं कॉलम ९ मध्येच अडकतात. आजोबांना जाऊन पंधरा वर्षं झाली, जमीन तीन भाऊ आपापल्या बांधापर्यंत सुखानं कसताहेत, पण पहाणीवर अजून आजोबाच. अशा जमिनीवर सोसायटी नातवाला कर्ज देऊ शकत नाही, सेक्रेटरी कितीही ओळखीचा असला तरी. आधी पौती खातं, म्हणजे वारसांच्या नावाची नोंद, करून घ्या. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि वारसांचे आधार घेऊन नाडकचेरीत अर्ज द्यायचा. सगळ्या वारसांची नावं एकत्र लागली तरी तात्पुरतं चालतं. मग कर्जाच्या वेळी बाकीच्या हिस्सेदारांचं संमतिपत्र लागतं. भावाभावांत बोलणं बंद असेल तर तिथंच घोडं अडतं. अशा वेळी वाटणी करून, अकरा-ई नकाशा (हिश्श्याच्या मोजणीचा नकाशा) काढून आपला हिस्सा वेगळा करून घेणं लांबचं असलं तरी पक्कं काम आहे. उन्हाळ्यात सुरू केलं तर ठीक. मिरग लागल्यावर धावपळ करून काही होत नाही.

कॉलम ११ मध्ये फेडलेल्या कर्जाचा जुना बोजा तसाच दिसतो, हेही नेहमीचं. ज्या बँकेचं कर्ज होतं तिच्याकडून बेबाकीचं पत्र घेऊन तो कमी करून घ्या. नव्या कर्जाच्या वेळी सोसायटी आपला बोजा चढवणारच, त्याला हरकत नाही. फेडलं की उतरवून घ्यायचं तेवढं लक्षात ठेवा.

पहाणी आधारशी जोडलेली नसेल तर गावच्या तलाठ्याकडे ते काम होतं. नावाचा घोळ असल्यास इथंच निस्तरून घ्या. पहाणीवर कानडीत ‘मारुती लक्ष्मण’, आधारवर आडनावासह, पासबुकात नुसतं इंग्रजी आद्याक्षर, असं असलं की संगणक तिघांना तीन माणसं समजतो.

फ्रूट्स आयडी

कर्नाटकात शेतीचं कुठलंही अनुदान, विमा, हमीभावाची खरेदी आणि आता पीककर्जसुद्धा ‘फ्रूट्स’ या राज्याच्या शेतकरी नोंदणीतल्या एफआयडी क्रमांकाशिवाय पुढं सरकत नाही. कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात हा क्रमांक मिळतो. पशुवैद्यकीय आणि फलोत्पादन खात्याच्या कार्यालयांतही नोंद होते. आधार, पहाण्या, बँक पासबुक, फोटो आणि लागू असेल तर जातीच्या दाखल्याचा आरडी नंबर (दाखल्यावरचा नोंद क्रमांक) एवढं घेऊन जा.

क्रमांक आहे म्हणून गप्प बसू नका, त्यात कोणते सर्व्हे नंबर चढलेत ते बघा. आपल्याकडे जमिनी तुकड्यातुकड्यांत. एक पट्टी गावठाणालगत, एक ओढ्यापलीकडे, एक दुसऱ्या गावाच्या हद्दीत. नोंद करताना एखादा तुकडा राहून जातो, आणि कर्ज, विमा, खत सगळं उरलेल्या तुकड्यांच्याच हिशेबानं येतं. दुसऱ्या तालुक्यातली जमीनही त्याच एफआयडीत चढवता येते.

सभासदत्व

अठरा वर्षं पूर्ण आणि सोसायटीच्या कार्यक्षेत्रात जमीन, ही मुख्य अट. बाकीचं प्रत्येक सोसायटीच्या पोटनियमात असतं. अर्ज, आधार, पहाणी, फोटो, प्रवेश फी आणि शेअरची रक्कम भरायची. संचालक मंडळाच्या बैठकीत मंजुरी मिळते. पुढं कर्ज घेताना कर्जाच्या प्रमाणात आणखी शेअर कापले जातात. तो पैसा बुडाला असं समजू नका, तो तुमच्याच नावावर भांडवल म्हणून जमा असतो. अर्ज दिला की शिक्क्याची पोच घ्यायला विसरू नका. ‘बैठकीत ठेवतो’ हे तोंडी आश्वासन दोन हंगाम खाऊ शकतं.

आता सीमेचा प्रश्न. घर चंदगड, गडहिंग्लज किंवा कागल तालुक्यात आणि जमीन इकडं, किंवा उलट, असे अनेकजण आहेत. कर्नाटकातल्या सोसायटीला कर्नाटकाची पहाणीच लागते, महाराष्ट्राचा सातबारा तिथं जमिनीचा पुरावा म्हणून चालत नाही. आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असल्यास पोटनियमात रहिवासाची अट आहे की फक्त जमिनीची, ते आधी विचारून घ्या. दोन्हीकडं जमीन असेल तर दोन्हीकडचं येणंबाकी नसल्याचं पत्र मागतात. तिकडचं थकीत कर्ज इकडं कळणार नाही या भ्रमात राहू नका, सिबिलला चेकपोस्ट नाही.

पीककर्ज किती आणि कसं

रक्कम सेक्रेटरी ठरवत नाही. जिल्ह्याची तांत्रिक समिती दर पिकाला एकरी किती खर्च येतो ते ठरवते. त्याला तुमच्या क्षेत्रानं गुणायचं. उसाचा दर वेगळा, भाताचा वेगळा, सोयाबीनचा वेगळा. म्हणून अर्जात पीक खरं तेच लिहा. बेळे समीक्षेत, म्हणजे मोबाइलवरच्या पीक नोंदीत, दुसरंच पीक दिसलं तर पुढं विम्याच्या वेळी भांडण उभं राहतं.

राज्य सरकारनं २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात सहकारी संस्थांच्या बिनव्याजी पीककर्जाची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख केली आणि ३ टक्के व्याजाच्या मध्यम व दीर्घ मुदतीच्या कर्जाची १० लाखांवरून १५ लाख. ऐकायला छान. पण जाहीर झालेली मर्यादा आणि हातात पडणारी रक्कम यांत अंतर असतं. सोसायटीला पैसा वरून येतो, आणि नाबार्डनं कर्नाटकासाठी सवलतीच्या दराची पतमर्यादा २०२३-२४ मधल्या ५,६०० कोटींवरून पुढच्या वर्षी २,३४० कोटींवर आणली. नव्या सभासदाला पहिल्याच वर्षी पूर्ण रक्कम मिळत नाही, याचं एक कारण हेही आहे. सेक्रेटरीशी हुज्जत घालून त्यात फरक पडत नाही.

बिनव्याजी म्हणजे मुदतीत फेडलं तर बिनव्याजी. तारीख चुकली की सवलत गेली आणि व्याज लागलं. चिक्कोडी-अथणीकडच्या ऊसवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. कारखान्याच्या बिलातून वसुलीचं संमतिपत्र दिलेलं असतं आणि आपण निर्धास्त असतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत बिल द्यायचं असतं, प्रत्यक्षात ते लांबतं, आणि सोसायटीची तारीख काही थांबत नाही. बिलाची वाट न बघता फेडीची वेगळी तजवीज ठेवणारेच शून्य टक्क्याचा खरा फायदा घेतात.

कर्जाबरोबर पीकविमाही होतो. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी आणि बागायती पिकांना ५ टक्के. विमा नको असेल तर मुदतीच्या सात दिवस आधी तसं लेखी द्यावं लागतं. गारपीट, भूस्खलन किंवा शेतात पाणी साचून नुकसान झालं तर ७२ तासांत कळवा.

डुकरांसाठी कर्ज

इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. खाद्य, औषध, मजुरी, वीज यांचा चालू खर्च म्हणजे खेळतं भांडवल. त्यासाठी २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड पशुपालनालाही लागू आहे. केंद्राच्या व्याजसवलतीसाठी पशुपालनाची मर्यादा २ लाखांची ठरवलेली होती. गोठा, पाण्याची टाकी आणि माद्या यांच्यासाठी मुदत कर्ज घ्यायचं. पीककर्ज उचलून त्यातून गोठा बांधणं हा सगळ्यात महाग मार्ग आहे. पीककर्ज वर्षाच्या आत परत द्यायचं, आणि गोठा वर्षाच्या आत पैसे देत नाही.

हिशेब करून बघा. मादी साधारण आठ महिन्यांची झाल्यावर भरवायची. गाभणकाळ ११४ दिवसांचा, जुनी माणसं तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असं धरतात. पिल्लं विकण्याजोग्या वजनाला यायला आणखी आठ-दहा महिने. म्हणजे लहान मादीपासून सुरुवात केली तर मोठ्या विक्रीचा पहिला पैसा यायला वर्षाहून बराच जास्त काळ लागतो. अर्ज करतानाच पहिल्या हप्त्याला तेवढ्या काळाची सवड मागा. मंजुरीपत्र निघाल्यावर मागून उपयोग नाही.

एकूण खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा. इथंच शेती आणि डुकरं यांची सांगड बसते: स्वतःचा मका, भातगिरणीचा कोंडा आणि कण्या, बेळगाव मार्केट यार्डात न खपलेली बारकी रताळी. सोसायटीला खाद्याचा असा घरचा आधार दाखवला तर प्रकरण वजनदार होतं. हॉटेलचं उरलेलं अन्न घालायचं तर चांगलं उकळूनच. २०२० पासून देशात शिरलेल्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरला औषध नाही, आणि तो अशाच अन्नातूनही येतो. साध्या स्वाइन फीव्हरची लस मात्र आहे, ती वेळेवर टोचून घ्या. जनावरांचा विमा काढताना पॉलिसीत कोणते रोग वगळलेत तेवढं वाचाच.

कागदं अशी लागतात: सभासदत्वाचा पुरावा, पहाणी किंवा नोंदणीकृत भाडेकरार, एफआयडी, आधार, पॅन, खर्चाचं अंदाजपत्रक आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचं पत्र. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखलाही बहुतेक ठिकाणी मागतात. हा दाखला सगळ्यांत कटकटीचा. वासाच्या आणि सांडपाण्याच्या तक्रारीवरून गावात विरोध होतो, कधी त्यामागं जुनी अढीही असते. जागा वस्ती आणि ओढ्यापासून लांब निवडा, मलमूत्राच्या खड्ड्याचं चित्र अर्जाला जोडा, आणि शेजारच्या बांधवाल्यांच्या सह्या आधीच घ्या. ठराव होताना बोलायला जागा राहते.

अनुदानाची मोठी योजना

राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाला ५० टक्के भांडवली अनुदान आहे. ५० माद्या आणि ५ नर असल्यास जास्तीत जास्त १५ लाख, १०० माद्या आणि १० नर असल्यास ३० लाख. एकटा शेतकरी, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था कुणीही अर्ज करू शकतो. अर्ज उद्यमी मित्र पोर्टलवर ऑनलाइन करायचा. प्रकल्प अहवाल, जमिनीचे कागद, पॅन, आधार, बँक व्यवहारांचा उतारा, प्रशिक्षणाचा किंवा अनुभवाचा दाखला जोडावा लागतो. राज्याचं पशुसंवर्धन खातं छाननी करतं, बँक कर्ज मंजूर करते, मग केंद्राची मंजुरी. अनुदान दोन समान हप्त्यांत येतं, तेही काम आणि बँकेचा पैसा पुढं सरकल्यावर. जमीन खरेदी, भाडं, खेळतं भांडवल आणि स्वतःची गाडी यांना त्यात जागा नाही.

स्पष्ट सांगायचं तर चार-पाच एकरांच्या आपल्या बहुतेक शेतकऱ्यांसाठी ही योजना मोठी आहे. पन्नास माद्यांचं खाद्य रोज लागतं, आणि पिल्लं वाढत असताना तर दुपटी-तिपटीनं. चार-पाच माद्यांपासून किसान कार्डावर सुरुवात करून, दोन वेतं हातून गेल्यावर वाढवावं, हे मला शहाणपणाचं वाटतं. खानापूरकरांना गोव्याची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहे. सीमा ओलांडताना जनावरांचा आरोग्य दाखला जवळ ठेवा आणि रोगाची साथ असेल तेव्हा वाहतूकबंदी आहे का ते आधी विचारा. प्रशिक्षणासाठी मत्तिकोप्प किंवा तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. ओल्ड गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत डुकरांवर बरंच काम झालं आहे.

जातीच्या दाखल्याचं एक. भोवी-वड्डर, कोरमा, कोरचा या जमाती कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतात, महाराष्ट्रात वडार विमुक्त जातींत. त्यामुळं महाराष्ट्राचा दाखला इथल्या योजनेला जोडून उपयोग नाही. आरडी नंबर असलेला नाडकचेरीचाच दाखला लागतो.

अर्ज अडला तर

नकार तोंडी स्वीकारू नका, कारणासह लेखी मागा. सोसायटीकडून दाद लागली नाही तर सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकांकडे तक्रार करता येते. त्यावेळी पोच, अर्जाची झेरॉक्स आणि शेअरची पावती हेच तुमचे साक्षीदार. आणि दरवर्षी सप्टेंबरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सभेला जा, हजेरीवर सही करा. सभांना गैरहजर राहणाऱ्या आणि किमान व्यवहार न करणाऱ्या सभासदाचा मताचा हक्क जाऊ शकतो, आणि मग संचालक कोण व्हावं हे ठरवताना तुमचं नाव मतदार यादीत नसतं.