विलंबाच्या काळात प्रथिने काय करतात?

प्रथिनाचे रेणू एकमेकांना चिकटून बनणाऱ्या लांब धाग्यांना अमायलॉइड तंतू म्हणतात. ते तयार होण्याचा वेग मोजला की आलेखाचा आकार जवळपास ठरलेला असतो: आधी सपाट रेषा, मग जोरदार चढ, मग पुन्हा सपाट. पहिल्या सपाट भागाला विलंबकाळ म्हणतात. तेवढा वेळ द्रावण पहिल्या तंतूची वाट पाहत स्वस्थ बसलेले असते, असा समज सर्रास आढळतो. साधा हिशोब केला तरी तो टिकत नाही. 5 मायक्रोमोलर संहतीच्या 100 मायक्रोलिटर द्रावणात प्रथिनाचे सुमारे 300 लाख कोटी रेणू असतात. इतक्यांपैकी काही रेणू नेमके जुळून पहिली केंद्रके (तंतूची सुरुवात करणारे छोटे समूह) लवकरच बनतात आणि वाढूही लागतात. फक्त ती इतकी थोडी असतात की उपकरणाला दिसत नाहीत.

मुळात रेणू जुळतात का? घडी घातलेले प्रथिन उलगडलेल्या अवस्थेपेक्षा मोलमागे साधारण 20 ते 60 किलोज्यूलनेच स्थिर असते. हा फरक फार नाही. घडी सैल झाली की आत दडलेले, पाणी टाळणारे भाग उघडे पडतात आणि शेजारच्या रेणूला चिकटतात. अमायलॉइडमध्ये साखळ्यांचे पट्टे एकावर एक रचले जातात, दोन पट्ट्यांत सुमारे 4.8 अँगस्ट्रॉम अंतर असते, आणि त्यांना हायड्रोजन बंध तंतूच्या लांबीच्या दिशेने बांधून ठेवतात. हे बंध साखळीच्या कण्यातले असल्यामुळे अमिनो आम्लांचा क्रम अगदी वेगळा असलेली प्रथिनेही तशीच रचना करू शकतात.

तंतूंची संख्या कशी वाढते, हा खरा प्रश्न. सुटे रेणू एकमेकांना भेटून केंद्रक बनवतात, ही प्राथमिक वाट. तंतू तुटला की नवी टोके मिळतात, ही दुसरी. तिसरी वाट म्हणजे तयार तंतूच्या पृष्ठभागावर सुट्या रेणूंचे नवे केंद्रक बनणे. अल्झायमरशी निगडित अमायलॉइड-बीटा 42 या पेप्टाइडमध्ये (छोट्या प्रथिन साखळीत), द्रावण न हलवल्यास, हीच वाट वरचढ ठरते.

कोणती वाट चालू आहे हे संहती बदलून कळते. निम्मे प्रथिन तंतूत जायला लागणारा वेळ म्हणजे अर्धकाल. अर्धकाल आणि सुरुवातीची संहती, दोन्हींचे लॉगरिदम घेऊन आलेख काढायचा. उतार उणे 0.5 च्या आसपास आला तर तुटण्याचा संशय घ्यावा. उणे 1.5 च्या आसपास आला तर पृष्ठभागावरच्या केंद्रकांचा. म्हणजे संहती दुप्पट केली की अर्धकाल जवळजवळ एक-तृतीयांशावर येतो.

मोजमाप थायोफ्लेविन-टी या, तंतूंना चिकटल्यावर चमकणाऱ्या रंगद्रव्याने होते: उत्तेजन 440 नॅनोमीटरच्या प्रकाशाने, प्रतिदीप्ती (परत बाहेर पडणारा प्रकाश) 480 ला. पण सगळे यश नमुन्याच्या तयारीवर अवलंबून असते. कोरडी पूड थेट बफरमध्ये विरघळवली तर तिच्यातले जुने गोळे बीजाचे काम करतात आणि दर वेळी वेगळा विलंब मिळतो. म्हणून पेप्टाइड गोळे सोडवणाऱ्या 6 मोलर ग्वानिडिन हायड्रोक्लोराइडमध्ये विरघळवून, रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेल-फिल्ट्रेशन स्तंभातून काढतात, सुट्या रेणूंच्या शिखराचा मधला भागच घेतात, आणि तो कमी चिकटणाऱ्या नळ्यांत बर्फावर ठेवतात. प्लेटच्या खळग्यांवर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा थर असलेला बरा, कारण साध्या पॉलिस्टायरीनवर प्रथिन चिकटते. द्रावण भरताना बुडबुडे टाळायचे, वरून चिकटपट्टी लावायची आणि 37 अंश सेल्सिअसला न हलवता वाचन घ्यायचे. हलवले तर तंतू तुटतात, हवा-पाण्याची सीमा सतत नवी होते, आणि मोजले जाते ते भलतेच. इन्सुलिनची कुपी जोरात हलवू नये यामागेही हेच कारण आहे.

रंगद्रव्यही फसवते. कुर्क्युमिनसारखा पदार्थ त्याच पट्ट्यातला प्रकाश शोषतो. प्रतिदीप्ती घटते आणि तंतू थांबल्याचा भास होतो. शेवटी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून तंतू पाहिल्याशिवाय कोणत्याही पदार्थाला प्रतिबंधक म्हणू नये. दुसरी सोपी तपासणी बीजाची: थोडे तयार तंतू आधीच घातले तर विलंब स्पष्ट आखडायला हवा.

विलंब किती महत्त्वाचा ठरू शकतो हे सिकल सेल आजारात दिसते. तिथले तंतू अमायलॉइड नसतात, पण केंद्रकांचे गणित जवळचे आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि ऑक्सिजन सुटला की रेणू तंतूत जुळू लागतात. 1970 च्या दशकातल्या मोजमापांत हा विलंब संहतीच्या सुमारे 30 व्या घाताने बदलताना दिसला. संहती 10 टक्क्यांनी कमी केली तर विलंब 20 पटींहून जास्त लांबतो! म्हणून पुष्कळशा लाल पेशी तंतू बनायच्या आत केशवाहिन्यांतून पार होऊन फुफ्फुसात ऑक्सिजन घेतात. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढते. ते या तंतूंत नीट बसत नाही, आणि पेशीला तेवढा जास्त वेळ मिळतो.