कोच नेमका कोणाचा? अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधल्या एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

३० ऑक्टोबर २०२३, सोमवार. साउथ कॅरोलिनातल्या क्लेमसन विद्यापीठाचे फुटबॉल कोच डॅबो स्विनी नेहमीप्रमाणे आठवड्याच्या रेडिओ कार्यक्रमात श्रोत्यांचे फोन घेत बसले होते. दोनच दिवसांपूर्वी संघ नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडून १७-२४ असा हरला होता. आठ सामने, चार विजय, चार पराभव. स्पार्टनबर्गहून एका चाहत्याचा फोन लागला आणि त्याने आढेवेढे न घेता विषयाला हात घातला: वर्षाला कोटीभर डॉलर पगार आणि निकाल हा? स्विनी खवळले. जवळपास पाच मिनिटं त्यांनी त्याला फैलावर घेतलं. तुमच्यासारखे लोकच अडचण आहेत, असं सुनावलं. त्यातलं एक वाक्य महत्त्वाचं होतं. मी काम करतो ते विश्वस्त मंडळासाठी, विद्यापीठाच्या अध्यक्षांसाठी आणि क्रीडा संचालकांसाठी. त्यांना मी नको असेन तर त्यांनी तसं सांगावं.

फोन करणाऱ्याचं म्हणणं: पैसा आमचा, म्हणून बोलणार. कोचचं म्हणणं: मालक तुम्ही नाही. पुढच्या शनिवारी क्लेमसनने नोत्र दामला ३१-२३ असं हरवलं आणि मग तो हंगाम संपेपर्यंत सामना गमावलाच नाही. त्या फोनमुळेच संघ जागा झाला, असं कित्येक चाहते आजही गमतीने म्हणतात. चाहत्याने कोचला जाहीरपणे बोलावं की नाही, हा वाद मात्र त्या फोनहून शंभर वर्षांनी तरी जुना आहे. तो फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतो. कोच नेमका कोणाचा?

आपल्याकडे कॉलेज फुटबॉल म्हटलं की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मैदानाच्या कडेला उभे पन्नास मित्र, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. इथे गोष्ट आहे शिरस्त्राणं घालून खेळायच्या अमेरिकन फुटबॉलची. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची अधिकृत क्षमता १,०७,६०१ आहे. एमएस करायला ॲन आर्बरला गेलेली मराठी पोरं पहिल्याच शनिवारी रस्त्यांवरून वाहणारी ती गर्दी बघून चक्रावतात. खेळाचे नियम दुसऱ्या सत्रात समजतात, कोचला नावं ठेवायला मात्र ती महिनाभरात शिकतात.

सुरुवातीला कोच नव्हताच. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला आंतरविद्यापीठ सामना झाला, तेव्हा सगळा कारभार विद्यार्थ्यांच्या हातात होता. संघ निवडायचा, सराव घ्यायचा, मैदानावर निर्णय घ्यायचे ते कर्णधाराने. येलचे वॉल्टर कॅम्प, ज्यांना या खेळाचे जनक म्हणतात, ते पोटापाण्यासाठी घड्याळांच्या कंपनीत नोकरी करत आणि संघाला सल्ला देत. कोणी पगारच घेत नव्हतं, तेव्हा पगाराचा हिशेब कोण मागणार?

हा हिशेब सुरू झाला हार्वर्डमध्ये. येलपुढे सतत हार खाऊन कंटाळलेल्या माजी विद्यार्थ्यांनी १९०५ मध्ये बिल रीड या सव्वीस वर्षांच्या तरुणाला कोच नेमलं आणि वर्षाला ७,००० डॉलर देऊ केले. त्यातली निम्मी रक्कम माजी विद्यार्थ्यांनी स्वतः जमवली. हार्वर्डच्या एकाही प्राध्यापकाला एवढा पगार नव्हता. रीड त्या हंगामाची रोजनिशी लिहीत. खेळाडूंच्या दुखापती, त्यांच्या परीक्षा, माजी विद्यार्थ्यांचे न मागितलेले सल्ले, आणि स्वतःची उडालेली झोप. येलशी सामना झाला आणि हार्वर्ड ०-६ असं हरलं. ती रोजनिशी वाचणाऱ्याला आजचा कोच ओळखीचा वाटतो, तो याचमुळे. ज्यांनी वर्गणी काढली त्यांना बोलायचा अधिकार आपोआप मिळाला, तो लेखी द्यावा लागला नाही.

मग मोठी मैदानं आली, तिकिटं आली, वर्तमानपत्रांची क्रीडापानं आली. कार्नेगी फाउंडेशनने १९२९ साली कॉलेज खेळांतल्या पैशाच्या बाजारावर जाडजूड अहवाल काढला. त्याने विशेष फरक पडला नाही. शनिवारच्या सामन्यावर सोमवारी सकाळी शहाणपण शिकवणाऱ्यांना ‘सोमवार सकाळचे क्वार्टरबॅक’ म्हणायची पद्धत १९३० च्या दशकात पडली; क्वार्टरबॅक म्हणजे मैदानावर संघाचे डाव चालवणारा खेळाडू. पराभवानंतर कोचचा पुतळा झाडाला किंवा खांबाला फाशी देणं हा तर रिवाजच होऊन बसला. पुढे फ्लोरिडा स्टेटमध्ये दंतकथा बनलेले बॉबी बाउडन १९७४ साली वेस्ट व्हर्जिनियात होते. हंगामात चार विजय आणि सात पराभव झाले आणि विद्यार्थ्यांनी त्यांचे पुतळे लटकवले. बाउडन हा किस्सा नंतर आयुष्यभर हसत सांगत राहिले. जिंकल्यावर सांगायला तो सोपाही जात असणार.

पण या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचं प्रकरण कोर्टातलं आहे, आणि नवल म्हणजे चाहत्यांच्या वादात ते फारसं कोणी काढत नाही.

सप्टेंबर १९६२ मध्ये अटलांटातला एक विमा विक्रेता फोन लावत होता. तारांच्या गोंधळात तो भलत्याच संभाषणात जोडला गेला. एका टोकाला जॉर्जिया विद्यापीठाचे क्रीडा संचालक आणि माजी कोच वॉली बट्स, दुसऱ्या टोकाला अलाबामाचे कोच बेअर ब्रायंट. बोलणं फुटबॉलचं चाललं होतं. याने कागद ओढला आणि टिपणं घेतली. काही दिवसांनी अलाबामाने जॉर्जियाला ३५-० असं धुतलं. मार्च १९६३ मध्ये ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकाने छापलं की बट्सनी आपल्याच विद्यापीठाचे डाव ब्रायंटना फोडले, सामना आधीच ठरलेला होता.

बट्सनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. सुनावणीत साप्ताहिकाच्या कामाची लक्तरं निघाली. विमा विक्रेत्याची मूळ टिपणं कोणी पाहिली नव्हती, सामन्याची फिल्म कोणी तपासली नव्हती, खेळ कळणाऱ्या जाणकाराला कोणी विचारलं नव्हतं. ज्युरीने ६०,००० डॉलर भरपाई आणि वर ३० लाख डॉलर दंडात्मक भरपाई ठरवली. न्यायाधीशांनी एकूण आकडा ४,६०,००० वर आणला. ब्रायंट यांनीही दावा लावला होता, तो ३ लाख डॉलरवर मिटला. बट्स यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला.

या निकालात एक बारीक गोष्ट दडलेली आहे. तीन वर्षांपूर्वी, १९६४ मध्ये, याच न्यायालयाने ठरवलं होतं की सरकारी अधिकाऱ्यावर टीका करायला भरपूर मोकळीक हवी. जाणूनबुजून खोटं किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता लिहिलं असेल तरच लिहिणारा दोषी. मग राज्य विद्यापीठाचा क्रीडा संचालक हा सरकारी अधिकारी की नाही? बट्स यांचा पगार राज्याच्या तिजोरीतून येत नव्हता. तो येत होता जॉर्जिया ॲथलेटिक असोसिएशन या खासगी संस्थेकडून. म्हणून न्यायालयाने त्यांना सरकारी अधिकारी न मानता ‘सार्वजनिक व्यक्ती’ मानलं आणि अशा व्यक्तींवरच्या टीकेसाठी वेगळी चौकट आखली. अमेरिकेत नटनट्यांपासून उद्योगपतींपर्यंत कोणावरही टीका करताना आज जी लक्ष्मणरेषा मानतात, तिचा एक मोठा तुकडा एका फुटबॉल कोचच्या फोनमुळे आखला गेला. माझं मत विचाराल तर चाहत्यासाठी ती रेषा आजही पुरेशी आहे. चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला चेंडू लाथेने लांब का मारला नाही, यावर घसा फोडून बोला. कोचने सामना विकला, असं म्हणायचं असेल तर आधी टिपणं दाखवा.

ती रेषा कागदावरची. प्रत्यक्षात काय चालतं ते अलाबामाच्या बिल करींना विचारावं. सहा राष्ट्रीय अजिंक्यपदं देऊन ब्रायंट १९८२ अखेर निवृत्त झाले आणि महिनाभरातच वारले. त्यांच्या जागी बसणारा प्रत्येक माणूस उपराच ठरणार होता. १९८७ मध्ये आलेले करी तर प्रतिस्पर्धी जॉर्जिया टेकचे; ब्रायंटच्या हाताखाली खेळलेलेही नाहीत. १९८८ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्याच्या दिवशीच संघ ओल मिसकडून, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाकडून, हरला आणि करींच्या कार्यालयाच्या खिडकीतून वीट आत आली. जिवे मारायच्या धमक्याही येत होत्या. पुढच्या वर्षी संघाने पहिले दहाच्या दहा सामने जिंकले. मग २ डिसेंबर १९८९ ला तो राज्यातल्याच कट्टर प्रतिस्पर्धी ऑबर्न विद्यापीठाशी प्रथमच त्यांच्या घरच्या मैदानावर खेळला आणि २०-३० असा हरला. तीन वर्षांत २६ विजय, १० पराभव, पण त्यातले तीन पराभव ऑबर्नकडून. करी स्वतःहून उठले आणि केंटकीला गेले, जिथे बास्केटबॉलपुढे फुटबॉलला फारसं कोणी विचारत नाही. इथे गोष्ट संपती तर वीट फेकणारा सरळसरळ खलनायक ठरला असता. पण करींनंतर ब्रायंटचाच चेला जीन स्टॉलिंग्ज आला आणि १९९२ मध्ये अजिंक्यपद घेऊन गेला. तेव्हापासून ‘आम्ही म्हणत नव्हतो का?’ म्हणायची सोय कायमची झाली.

फ्लोरिडात २००२ मध्ये रॉन झूक यांची नेमणूक जाहीर झाली त्याच दिवशी त्यांना हाकला म्हणणारं संकेतस्थळ सुरू झालं होतं. माणसाने अजून शिट्टीही गळ्यात घातली नव्हती! २००४ च्या ऑक्टोबरात त्यांना काढण्यात आलं. त्यांनी निवडलेल्या पोरांपैकी बरीच २००६ च्या विजेत्या संघात होती, श्रेय अर्थात पुढच्या कोचला. उलटा प्रकार ऑबर्नमध्ये झाला. २००३ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष आणि काही बडी मंडळी गुपचूप विमानाने दुसऱ्या कोचला भेटायला गेली. बातमी फुटली तेव्हा चाहते खवळले ते कोच टॉमी ट्युबरव्हिल यांच्या बाजूने. अध्यक्षांना जावं लागलं, ट्युबरव्हिल राहिले, आणि पुढच्या हंगामात त्यांनी तेराच्या तेरा सामने जिंकले. आज ते अलाबामाचे सिनेटर आहेत.

टीका कोचवर की पोरांवर, हा वेगळा पदर. २२ सप्टेंबर २००७ रोजी ओक्लाहोमा स्टेटचे माइक गंडी सामना जिंकून पत्रकार परिषदेत आले आणि एका स्तंभलेखिकेवर तुटून पडले, कारण तिने त्यांच्या विद्यार्थी क्वार्टरबॅकला लेखात सोलून काढलं होतं. यायचं तर माझ्यावर या, मी पुरुष आहे, चाळीस वर्षांचा आहे, असं ते ओरडले. लोक हसले, पण बिनपगारी विद्यार्थी आणि लक्षावधी डॉलर घेणारा कोच यांना एकाच तागडीत तोलू नये, हे म्हणणं बहुतेकांना पटलं. ती ढाल आता पातळ झाली आहे. २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर पैसे कमावू शकतात आणि २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट मोबदला देतात. खुद्द गंडींना सप्टेंबर २०२५ मध्ये तीन सामन्यांनंतर नारळ मिळाला.

बट्स प्रकरणाची सावली सर्वांत गडद पडली ती टेनेसीत. २६ नोव्हेंबर २०१७, रविवार. ग्रेग शियानो यांना कोच नेमायचा सौदा झाल्यातच जमा होता. दुपारी बातमी आली आणि संध्याकाळपर्यंत सौदा मोडला. विद्यापीठात एक मोठी शिळा आहे, विद्यार्थी तिच्यावर हवं ते रंगवतात. त्या दिवशी तिच्यावर असा आरोप रंगवला गेला की शियानो पूर्वी पेन स्टेट विद्यापीठात सहायक कोच असताना त्यांनी तिथले बालकांवरचे अत्याचार झाकले. आधार काय, तर एका साक्षीदाराने दुसऱ्याकडून ऐकलेली गोष्ट, २०१६ मध्ये खुल्या झालेल्या जबानीतली. शियानो यांनी आरोप साफ नाकारला होता आणि त्यांच्यावर कधी खटला झाला नाही. राज्याच्या आमदारांनीही त्या गदारोळात सूर मिसळला. पाच दिवसांत क्रीडा संचालक गेले. १९६३ मध्ये ऐकीव गोष्ट छापणाऱ्या साप्ताहिकाला कोर्टात खेचता आलं. शिळेला कोण खेचणार? चाहत्यांना हवा तसा बदल मिळाला, जेरेमी प्रुइट आले; २०२१ मध्ये नियमभंगांवरून त्यांना काढावं लागलं आणि २०२३ मध्ये विद्यापीठाला ८० लाख डॉलरहून अधिक दंड झाला.

पैशाचा आकडा वाढला तसा चाहत्याचा आवाजही चढला. अलाबामाने २००७ मध्ये निक सेबन यांना वर्षाला ४० लाख डॉलर दिले तेव्हा देशभर तोंडात बोटं गेली होती. २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एमने जिम्बो फिशर यांना काढताना, म्हणजे काम न करण्यासाठी, सुमारे साडेसात कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये लुइझियाना स्टेटने ब्रायन केली यांना काढलं तेव्हा अशीच सुमारे ५.४ कोटींची रक्कम डोक्यावर आली. मग खुद्द राज्यपालच पत्रकारांपुढे बोलले की करदात्यांवर बोजा नको आणि पुढचा कोच हे क्रीडा संचालक निवडणार नाहीत. दुसऱ्या दिवशी संचालक गेले. पैसा राज्याचा की देणगीदारांच्या संस्थेचा, हा १९६७ चा प्रश्न तसाच उभा राहिला, फक्त या वेळी स्पार्टनबर्गच्या श्रोत्याच्या जागी राज्यपाल होते.

लुइझियाना स्टेटच्या कोचच्या त्या रिकाम्या खुर्चीवर लेन किफिन आले. हेच किफिन २०१० मध्ये एका हंगामातच टेनेसी सोडून गेले तेव्हा विद्यार्थ्यांनी रात्री गाद्या जाळल्या होत्या. हेच २०१३ मध्ये सदर्न कॅलिफोर्नियात होते, घरच्या मैदानावर त्यांना हाकला अशा आरोळ्या उठल्या, आणि ॲरिझोना स्टेटकडून ४१-६२ असं हरून संघ पहाटे लॉस एंजेलिसला उतरला तेव्हा विमानतळावरच त्यांना नोकरीवरून काढलं. आणि ३० नोव्हेंबर २०२५ ला ते ओल मिस सोडून निघाले ते बारापैकी अकरा सामने जिंकून, संघ राष्ट्रीय बाद फेरीच्या उंबरठ्यावर असताना. ओल मिसच्या गावी, मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डच्या छोट्या विमानतळावर कुंपणाला खेटून चाहते उभे होते. हुर्यो उडवत होते, बोटं दाखवत होते. धावपट्टीवर लुइझियानाला न्यायला आलेलं विमान थांबलं होतं.